ताप नाही

वकीलबाईंनी फाइलमधून एक झेरॉक्स काढली, टेबलावरून तिच्यापुढे सरकवली आणि पेनाच्या मागच्या टोकानं एका ओळीवर टकटक केलं. "ही ओळ पाहिलीत?" ती चष्म्यासाठी पर्समध्ये हात घालते न घालते तोच शेजारच्या खुर्चीतला नवरा पुढे वाकला, त्यानं कागद आपल्याकडे वळवून घेतला आणि मोठ्यानं वाचून मोकळा झाला. "पाठदुखी, अकरा दिवस. ताप, नाही. थंडी, नाही." मग कागद टेबलावर टाकत म्हणाला, "साफ खोटं! ताप नाही म्हणजे काय? दोनदा सांगितलं मी त्या डॉक्टरला. या माझ्या तोंडानं सांगितलं." वकीलबाईंनी त्याच्याकडे न बघता तिला विचारलं, "तुम्हाला काय आठवतं?" "तिला काय आठवणार?" नवरा म्हणाला. "अर्धमेली झाली होती ती. धड उभं राहवत नव्हतं." चष्मा सापडला होता, पण तो हातात तसाच धरून ती बसून राहिली. नवऱ्याच्या त्या 'साफ खोटं'मधला ठसका, एक शब्द पुरता निघायच्या आत दुसऱ्याला पुढे ढकलणारी ती घाई, ही तिनं आणखी एकदा ऐकली होती आणि वरून ऐकली होती. आपल्या पाठीच्या वरून, तोंड खाली असताना. "ताप? छे छे, ताप कुठला! तसं काही नाही, डॉक्टर." आता आठवलं असं म्हणणंही खरं नव्हतं, कारण ती ते विसरलीच नव्हती. दुखणं, ऑपरेशन, पुढचे चार महिने इस्पितळ, मग घरी येऊन पुन्हा चालायला शिकणं, या सगळ्यात ते वाक्य कुठेतरी आपलं पडून होतं. कोणी त्याला हात लावला नव्हता, तिनंही नाही, इतकंच.

हा एक कागद मिळवायला आठ महिने लागले होते. नऊ पत्रं गेली होती. पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही, दुसऱ्याला आलं ते 'आपला अर्ज विहित नमुन्यात नाही' असं, तिसऱ्यानंतर विहित नमुना आला आणि त्यात 'रुग्णाशी नातं' असा एक रकाना होता. तिथे काय लिहायचं हे तिला कळेना. मी स्वतःच रुग्ण आहे, असं तिनं लिहिलं, तर 'नातं नमूद नाही' म्हणून तो अर्ज परत आला. तेव्हा ती इतकी हसली होती की शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली. पुढच्या अर्जात नवऱ्यानं त्याच्या ठळक अक्षरात 'पती' असं लिहिलं आणि त्याच्या सहीनं तो अर्ज लगेच दाखल झाला. आणि आता हा कागद आला होता. आठ महिने ज्याच्यासाठी आपण लोकांच्या दारात उभे राहिलो, त्यानं येऊन आपल्याच थोबाडीत द्यावी असा. "पलीकडचे वकील या एका ओळीवर उभे राहणार," वकीलबाई सांगत होत्या. "ताप आहे असं पेशंटनं सांगितलंच नाही, मग डॉक्टरला इन्फेक्शनची शंका यावी कशी, असं ते म्हणणार. आपल्याकडे ह्यांचं प्रतिज्ञापत्र आहे, की दोनदा सांगितलं. आता तुमची साक्ष त्याच्याशी जुळायला हवी." "जुळणारच," नवरा म्हणाला. "मी जरा विचार करते," ती म्हणाली. दोघंही तिच्याकडे बघायला लागले. जणू विचार करते म्हणणं म्हणजे ऐन बैठकीतून उठून जाणं.

जिने उतरायचे होते. एका हातानं कठडा धरायचा, दुसऱ्या हातातली काठी आधी खालच्या पायरीवर टेकवायची, मग डावा पाय, जो येतो म्हणतो आणि येत नाही. त्याला मांडीतून उचलून खाली ठेवल्यासारखं करायचं आणि मग उजवा. नवरा चार पायऱ्या पुढे जाऊन थांबत होता. थांबला की बोलत होता. तळमजल्यावरच्या पहारेकऱ्याशी त्याची बोलणी तिचे दोन जिने उतरून होण्याआधीच रंगात आली होती. "एकोणीस दिवस, साहेब! एकोणीस दिवस माझी बायको पाठ पाठ करत होती आणि तो गोळ्या देत होता. मी सांगतोय, डॉक्टर, अंग तापलंय, दोनदा सांगतोय..." पहारेकरी च्च च्च करत होता. नवरा वीज मंडळात मीटर वाचायचा. तीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली, दाराआड, ओळख नसलेल्या बायकांशी आणि भुंकणाऱ्या कुत्र्यांशी बोलत त्यानं नोकरी काढली होती. तिच्या कारखान्यातल्या बायका त्याला 'रेडिओ' म्हणायच्या. तिला न्यायला तो दारात आला की आतून कोणीतरी ओरडायची, "मास्तरीण, तुमचा रेडिओ लागलाय!" आणि तिलाही ते आवडायचं. बोलणाऱ्या माणसाशेजारी गप्प बसायला मिळतं, ही एक मोठीच सोय असते. ही तापाची गोष्ट तिनं त्याच्या तोंडून शंभरदा ऐकली होती. आधी त्यात 'मी म्हणणार होतो' असं होतं. मग 'मी म्हटलं' आलं. मग दोनदा म्हटलं. प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याचे डोळे जरा जास्त मोठे झाले आणि प्रत्येक वेळी तो स्वतः जरा जास्त हलका झाला. तो खोटं बोलत नव्हता, हे तिला आता जिन्याच्या शेवटच्या पायरीवर लख्ख कळलं. त्याला खरोखरच तसं आठवत होतं. खोटं बोलणाऱ्या माणसाला पकडता तरी येतं. याला कसं पकडायचं?

ती कापायची. गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात शिवणाऱ्या बायका चाळीस होत्या आणि कापणारी ती एकटी. म्हणून मास्तरीण. लांबच लांब टेबलावर कापडाचे चाळीस थर एकावर एक अंथरायचे, वर कागदी नमुने मांडायचे, खडूनं रेघा ओढायच्या आणि मग दोन्ही हातांनी मशीन धरून त्या रेघेवरून चालवायचं. रेघ चुकली की चाळीस बाह्या चुकल्या. वीस वर्षांत दोनदा चुकली होती आणि दोन्ही तारखा तिच्या लक्षात होत्या. दुखणं सुरू झालं त्याच्या आधी दहाएक दिवस मोठ्या कात्रीचं टोक तिच्या डाव्या अंगठ्यात घुसलं. तिनं टेबलाखालची एक चिंधी बांधली आणि काम पुढे चालू ठेवलं. अंगठा पिकला, ठणकला, फुटला, बरा व्हायला लागला. तेवढ्यात पाठ धरली. पाठ धरली तर नवल काय? टेबलावर ओणवं राहून जिचं आयुष्य गेलं तिची पाठ नाही धरायची तर कोणाची? सगळ्यांनी तेच म्हटलं आणि तिनं सगळ्यांच्या आधी म्हटलं. कोणी पट्टा बांध म्हणालं, कोणी गादी बदल म्हणालं, कोणी जमिनीवर झोप म्हणालं. शेजारणीनं गरम पाण्याची पिशवी आणून दिली आणि ती परत मागायला ती चौथ्या दिवशी आली, कारण तिचीही पाठ धरली होती. पण ही पाठ तशी नव्हती. आडवं झालं की वाढायची. एका जागी, बोट ठेवून दाखवता येईल अशा एका मणक्यात कोणीतरी आतून दाभण फिरवत बसल्यासारखं व्हायचं. संध्याकाळी पाच-साडेपाचला दात वाजायला लागायचे. नवरा दोन पांघरुणं घालायचा, कपाळावर तळहात ठेवायचा आणि म्हणायचा, "अगं, तापलीयस की." गोळी द्यायचा. घाम यायचा, ताप उतरायचा. सकाळी अंग गार असायचं आणि डॉक्टरची वेळ सकाळची होती.

तीनदा गेली ती त्याच्याकडे. हाडांचा डॉक्टर. तरुण, गोरापान, अदबीनं बोलणारा. पहिल्यांदा ती एकटीच गेली. त्यानं विचारलं, "काम काय करता?" तिनं सांगितलं. "मग बरोबर," तो म्हणाला आणि लिहायला लागला. आपल्या दुखण्याचं बरोबर उत्तर पहिल्याच वाक्यात आलं, याचं तिला तेव्हा बरं वाटलं होतं. नंतर कित्येक महिने त्या 'मग बरोबर'नं तिच्या डोक्यात घर केलं. पुढे सात दिवसांनी दुसऱ्यांदा गेली तेव्हा एकटीला चालवत नव्हतं, म्हणून नवरा बरोबर होता. हीच ती कागदावरची भेट. तपासायच्या खाटेवर तिला पालथं झोपवलं होतं. खाटेला तोंडासाठी एक भोक होतं. त्या भोकातून तिला खालची फरशी दिसत होती, डॉक्टरांचे तपकिरी बूट आणि नवऱ्याच्या चपला, एकमेकांकडे टोकं करून उभ्या. त्या दिवशी पहिल्यांदाच ताप सकाळी उतरला नव्हता. डॉक्टरनं उघड्या पाठीवर हात ठेवला तो असा गारेगार लागला, की त्यानं तो तसाच ठेवावा, काढूच नये, असं तिला वाटलं. मग हात मणका मणका खाली सरकला, त्या एका जागी दाबला गेला, ती ओरडली आणि वरून आवाज आला, "ताप वगैरे?" तिनं तोंड उघडलं होतं. ओरडण्यातून श्वास परत यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच काय तो उशीर. पण तेवढ्यात रेडिओ लागला. ताप? छे छे. खालच्या बुटांनी दिशा बदलली, नळ सुटला, हात धुतल्याचा आवाज आला. तिला वाटलं, उठून बसले की सांगते. उठून बसायला चार मिनिटं लागली. तोपर्यंत औषधाचा कागद नवऱ्याच्या हातात होता आणि दारातून पुढचा पेशंट डोकावत होता, आणि दोन पुरुष एकमेकांचे आभार मानत होते.

तिसऱ्यांदा गेली तेव्हा पायांना मुंग्या येत होत्या. 'नस दबली असेल, व्यायाम लिहून देतो.' आणि त्यानंतर चौथ्या दिवशी, सकाळी, न्हाणीघरात, पाय होते आणि नव्हते. तिला ते दिसत होते. दोन्ही. फरशीवर, कोणाचे तरी असल्यासारखे. रक्त तपासलं तेव्हा कळलं, मोठ्या मशीनमध्ये घातलं तेव्हा दिसलं. अंगठ्यातून रक्तात गेलेलं काहीतरी मणक्यात जाऊन बसलं होतं, तिथे पू झाला होता आणि तो पू पाठीच्या कण्यातल्या नसांवर दाबत बसला होता. "आठ दिवस आधी आला असतात ना," ऑपरेशन करणारे म्हातारे सर्जन म्हणाले आणि मग अर्ध्यातच थांबले. सगळ्या गोष्टीची सुरुवात त्या अर्ध्या वाक्यातून झाली. आता ती काठी घेऊन चालते. लघवीची जाणीव परत आली नाही. दिवसातून चार वेळा घड्याळ लावून नळी घालावी लागते. कारखान्यात जाते, पण कापत नाही. उभं राहून मशीन धरायला पाय लागतात. एका कोपऱ्यात बसून ती काजं मोजते.

वकीलबाईंकडून घरी आल्यावर त्याच दिवशी तिनं धाकट्या बहिणीला फोनवर सगळं सांगितलं. तक्रार करायचं बहिणीनंच मनावर घेतलं होतं, वकीलबाई तिच्याच ओळखीच्या. बहीण म्हणाली, "पण ताई, तू का नाही बोललीस?" या प्रश्नाचा तिला इतका संताप आला की तिनं फोन कानापासून दूर धरला. जगात दुसरा प्रश्न नव्हता का? डॉक्टरनं थर्मामीटर का नाही लावला, हे विचारायचं नव्हतं. मेव्हण्यांनी असं का म्हटलं, हेही नाही. अंगठ्याला चिंधी बांधलेली बाई समोर पालथी पडलीय, तिला कोणी काही का नाही विचारलं, हेसुद्धा नाही. तू का नाही बोललीस! "बोलत होते," ती म्हणाली. "माझा नंबर यायचा होता." "आता मात्र शहाणपणा करू नकोस," बहीण म्हणाली. "सांगितलं होतं म्हण आणि मोकळी हो. डॉक्टरची चूक आहे ती आहेच ना? मग एवढ्याशा गोष्टीनं सगळं घालवशील." एवढीशी गोष्ट. खडूची रेघही एवढीशीच असते, असं तिच्या तोंडावर आलं होतं. पण बहिणीला कापडातलं काही कळत नाही, म्हणून ती म्हणाली, "ठेवते आता."

नवऱ्याला तिनं दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी विचारलं. साधंच विचारलं. "अहो, दुसऱ्या भेटीत तुम्ही नाही म्हणालात. ताप कुठला, म्हणालात." तो हसला. खरंखुरं, मोकळं हसला. "अगं, तू पालथी होतीस. तुला काय ऐकू येणार?" "कान उघडे होते माझे." "मी कशाला असं म्हणेन? सांग ना. माझ्या हातानं गोळ्या दिल्यात तुला. मला माहीत नव्हता का ताप?" हा प्रश्न तर तिलाही पडला होता. रात्रभर नाही, पण दिवसभर पडला होता, काजं मोजताना, त्यामुळे मोजणी दोनदा चुकली होती. "तेच विचारतेय," ती म्हणाली. "म्हणजे आता मी आरोपी का?" नवऱ्याचा आवाज चढला. "दीड वर्ष कोण करतंय तुझं? कोण नेतंय, कोण आणतंय?" तो करत होता. अगदी मनापासून करत होता. तिच्या नळ्या उकळत होता, पायाला बांधायचे पट्टे धुवत होता, ऑफिसांमधून तिच्या वतीनं भांडत होता आणि तिच्या वतीनं बोलता बोलता तिचं सगळं बोलून टाकत होता. तिला कोणी बघायला आलं की 'कशी आहेस?' या प्रश्नाचं उत्तर तो द्यायचा आणि ती मान हलवायची. कधी कधी तिला वाटायचं, आपण मेलो तरी पहिले काही दिवस 'कशी आहे?' म्हटल्यावर हा 'ठीक आहे, ठीक आहे' असंच सांगेल. चहा गार झाला. तो तिनं तसाच प्यायला.

ग्राहक आयोगातली सुनावणीची खोली शाळेच्या वर्गासारखी होती. उंच खिडक्या, मळकट हिरव्या भिंती, पुढे एका लांब टेबलामागे तीन जण, मधल्या अध्यक्षबाई. सरतपासणीत वकीलबाईंनी तिला तापाबद्दल काही विचारलंच नाही. आदल्या दिवशी तिनं त्यांना सांगून ठेवलं होतं आणि त्या म्हणाल्या होत्या, "मी तुम्हाला खोटं बोला असं सांगणार नाही. पण विचारल्याशिवाय सांगू नका." विचारलं जाणार हे दोघींनाही माहीत होतं. पलीकडचे वकील उठले. जाडसर, प्रेमळ चेहऱ्याचे गृहस्थ. ते तिला 'ताई' म्हणत होते, म्हणून ती जास्तच चिडली. "ताई, फक्त हो किंवा नाही एवढंच सांगा. त्या दिवशी आपल्याला ताप असल्याचं आपण डॉक्टरांना सांगितलंत का?" मागून नवऱ्याच्या खुर्चीचा आवाज आला. तो पुढे सरकला होता. "नाही," ती म्हणाली. वकिलांना एवढ्या सोप्या उत्तराची अपेक्षा नव्हती. त्यांनी कागद उलटला, पुन्हा सुलटा केला. "पण आपल्या पतीच्या प्रतिज्ञापत्रात तर असं आहे की..." "त्यांना तसं आठवतंय. ते तेव्हा म्हणाले, ताप नाही." "म्हणजे डॉक्टरांनी जे लिहिलं, ते बरोबर लिहिलं?" "ऐकलं ते लिहिलं त्यांनी." "थँक यू, ताई," वकील म्हणाले आणि बसायला वळले.

इथे खरं तर संपायला हवं होतं. पण तिचा हात टेबलाच्या कडेवर होता, कड गुळगुळीत होती, रोजच्या कामाच्या उंचीची होती आणि इतक्या दिवसांनी ती अशा उंचीच्या टेबलापाशी उभी होती. "माझं बोलणं व्हायचंय," ती म्हणाली. "आपल्याला विचारलेलं नाही," वकील म्हणाले. "तेच सांगतेय. मला विचारलंच नाही कोणी. मी तिथेच होते, खाटेवर, पालथी. माझ्या उघड्या पाठीवर डॉक्टरांचा हात होता. तो हात मला बर्फासारखा लागला, एवढी मी तापलेली होते. हाताखालचं अंग गरम आहे की गार, हे त्यांना माझ्या नवऱ्याला विचारावं लागलं?" पलीकडचे वकील उभे राहिले होते, त्यांची हरकत होती, ती ते नोंदवत होते. अध्यक्षबाईंनी हातानंच त्यांना बसवलं. "पुढे बोला," त्या म्हणाल्या. आणि ती बोलली. अंगठा बोलली, चिंधी बोलली, संध्याकाळची थंडी, सकाळची वेळ, 'मग बरोबर' बोलली. तिचं बोलणं नवऱ्यासारखं ओघवतं नव्हतं. मध्येच थांबत होतं, मागे जात होतं, एकच तारीख तीनदा येत होती. टाइप करणाऱ्या बाईनं दोनदा मान वर केली. पण तिला कोणी मध्ये थांबवलं नाही. समोरच्या बाकावर तो तरुण डॉक्टर मान खाली घालून बसला होता.

त्या दिवसापासून घरात रेडिओ बंद. तो तिच्या नळ्या उकळायचा, पट्टे वाळत घालायचा, टॅक्सी बोलवायचा, सगळं व्हायचं, पण मुक्यानं. तिला आधी वाटलं, ही शांतता हवीच होती. आठ दिवसांत ती वैतागली. घड्याळाची टिकटिक, शेजारणीच्या घरातली भांडी, स्वतःच्या काठीचा आवाज, हे सगळं इतकं जवळून ऐकायची तिला सवय नव्हती. बोलला की डोकं उठतं, गप्प बसला की छातीवर दगड. या माणसानं आपली मधली अशी जागाच ठेवली नव्हती. "बोला की काहीतरी," ती एका दुपारी म्हणाली, "भिंतीशी संसार केल्यासारखं वाटतंय." तो तिच्या डाव्या पायाचा पट्टा बांधत खाली बसला होता. खालीच बघत म्हणाला, "ताप आहे म्हटलं असतं, तर ठेवून घेतलं असतं तुला." तिनं हातातली काठी बाजूला टेकवली. "माझ्या दादांना तापासाठी ठेवून घेतलं होतं. मी बारा वर्षांचा. मलाच विचारलं होतं डॉक्टरांनी, घरात दुसरं कोणी नव्हतं. ताप किती दिवस? मी म्हटलं, पाच. ठेवून घेतलं. परत नाही आले." पट्ट्याचा बंद त्याच्या बोटांतून निसटला, त्यानं पुन्हा धरला. "म्हणालो असेन मी तसं. तुझं खरं असेल." तीस वर्षांच्या संसारात दादांचं, म्हणजे सासऱ्यांचं, हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं. जगभराच्या गप्पा सांगितल्या, हे नाही. तिला त्याच्या केसांवरून हात फिरवावासा वाटला आणि त्याच हातानं एक ठेवूनही द्यावीशी वाटली. "मग एवढंच तिथे सांगायचं होतं ना," ती म्हणाली. "किती कागद वाचले असते." तो हसला नाही. पण पट्टा त्यानं नीट बांधला, ना सैल ना घट्ट, आणि उठताना म्हणाला, "आज हवेत दमटपणा आहे. पायाला त्रास होईल तुझ्या." मग त्याचं हवेवर सुरू झालं, आणि ते थांबेना, आणि तिनं थांबवलं नाही.

निकाल चार महिन्यांनी लागला. निकालाचा शेवटचा भाग त्याच हिरव्या खोलीत वाचून दाखवला. ताप नाही असं कोणी सांगितलं असलं, तरी असं दुखणं घेऊन आलेल्या रुग्णाचं तापमान मोजणं हे डॉक्टरचं काम होतं, रुग्णाच्या नवऱ्याचं नव्हे. अंगठ्याची जखम दिसत असून विचारपूस केली नाही. तिसऱ्या भेटीत पायांची तक्रार असूनही रक्त तपासलं नाही. तक्रार मान्य. मध्ये एक वाक्य असं होतं की तक्रारदाराच्या पतीच्या प्रतिज्ञापत्रावर विसंबता येत नाही. ते वाचलं जाताना नवरा खिडकीबाहेर बघत होता, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पुढच्याच वाक्यात तक्रारदाराची स्वतःची साक्ष आयोगाला विश्वासार्ह वाटते, असं होतं. बहिणीनं मागून तिचा खांदा दाबला. वकीलबाई हसत होत्या. तिला वाटलं होतं, आतून काहीतरी सुटेल, भरून येईल. तसं काही झालं नाही. उभं राहून राहून डावा पाय जड झाला होता आणि नळीची वेळ होत आली होती.

सगळे निकालाची प्रत घ्यायला खाली गेले. नवरा टॅक्सी बघायला गेला. ती वऱ्हांड्यातल्या बाकावर बसली. दोनचार माणसं गेली, एक दार आपटलं, आणि मग तो डॉक्टर एकटाच आला. आला तसा पुढे गेला, चार पावलांवर थांबला आणि परत फिरला. दोन वर्षांत त्याचे कानाजवळचे केस पांढरे झाले होते. "मला आधीच यायचं होतं," तो म्हणाला. "वकील नको म्हणाले." कितीतरी दिवस तिनं मनात या माणसाला काय काय सुनावलं होतं. त्यातलं एकही वाक्य जागेवर नव्हतं. तो अवघडून उभा होता. जिन्याकडे बघत होता, मग तिच्या काठीकडे. मग, असल्या वेळी माणसं विचारतात ते त्यानं विचारलं, "आता कशी आहे तब्येत?" विचारून तो निघायच्या बेतात होता. पाय आधीच वळला होता. असल्या प्रश्नाला 'बरी आहे' म्हणतात आणि दोघं सुटतात, हे तिलाही माहीत होतं. आणि एकदम तिला इतका, इतका कंटाळा आला, त्या 'बरी आहे'चा, की तिनं बाकावरची आपली पर्स उचलून मांडीवर घेतली. "बसा," ती म्हणाली.

तो बसला. बाकाच्या अगदी कडेला. "डाव्या पायाला घोट्याखाली काही लागत नाही," ती म्हणाली. "गरम पाणी पडलं तरी कळत नाही. गेल्या महिन्यात भाजलं, ते वासानं कळलं. उजवा बरा आहे, पण संध्याकाळी थरथरतो. सकाळी उठल्यावर पहिली वीस मिनिटं कुठलाच पाय आपला नसतो." तो मान डोलवत होता. खालून नवऱ्याची हाक आली, टॅक्सी आली होती, टॅक्सीवाल्याशी त्याचं बोलणं सुरूही झालं होतं. डॉक्टर अर्धवट उठला. "आपल्याला बोलावतायत बहुतेक. मी खरंच, म्हणजे मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की..."

"थांबा, डॉक्टर," ती म्हणाली. "माझं सांगून झालेलं नाही."

तो पुन्हा बसला. या खेपेला नीट, पाठ टेकून. खालून दुसरी हाक आली. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला आणि पाठीबद्दल सांगायला सुरुवात केली.